कवळीचे दोन रंग

त्यांना सगळे ‘पुढच्या बाई’ म्हणत. दातांच्या दवाखान्यात दाराशी टेबल टाकून त्या एकोणीस वर्षं बसत होत्या. आतून डॉक्टर हात धुताधुता प्रत्येक पेशंटला सांगत, “तारीख पुढच्या बाईंकडून घ्या.” ते ऐकून ऐकून लोकांना वाटे, हेच त्यांचं नाव. रस्त्यात कोणी “काय पुढच्या बाई, कुठे निघालात?” असं विचारलं, तर त्याही बिनदिक्कत ओ देत.

दार कसं उघडलं जातं यावरून त्या दुखणं ओळखत. दाढवाले गाल धरून येत, पुढच्या दातवाले तोंडावर रुमाल धरून, आणि ज्यांचं काहीच दुखत नाही पण दात पांढरे करून हवेत, ते आल्याआल्या आरशात बघत. हे शेवटचे गेल्या काही वर्षांत फार वाढले होते, आणि त्याला कारण होती समोरची भिंत. भिंतीवर चौदा चौकटी होत्या. प्रत्येकीत दोन फोटो: डावीकडे ‘आधी’, उजवीकडे ‘नंतर’. डावीकडचे दात जुन्या वर्तमानपत्राच्या रंगाचे, उजवीकडचे नुकत्याच धुतलेल्या कपबशीसारखे. नवा माणूस ती भिंत बघायचा आणि आपोआप ओठ मिटून घ्यायचा.

फोटो डॉक्टर स्वतः काढत. पेशंट खुर्चीत आडवा झाला, डोक्यावरचा मोठा दिवा लागला, बिचाऱ्याने आ केला, की ‘आधी’चा फोटो. काम संपलं, पेशंट उठला, जीव भांड्यात पडला, की डॉक्टर त्याला खिडकीशी नेत. “इथे उजेड छान आहे. हसा!” तो ‘नंतर’चा. कॅमेरा कायम ऑटोवर. त्याच्या डोक्यावर एक चकती होती, तिच्यावर बरीच अक्षरं होती, पण डॉक्टरांनी त्यांच्याशी कधी ओळख करून घेतली नाही.

मग एक दिवस दंतवैद्यांच्या वार्षिक सभेचं पत्र आलं. ‘दात पांढरे करण्याचे उपचार’ या विषयावर पंधरा मिनिटं बोलायचं होतं. डॉक्टर खूश झाले आणि पत्राच्या शेवटच्या ओळीशी येऊन थबकले. सगळे फोटो एकाच पद्धतीने, मॅन्युअल सेटिंगवर, म्हणजे उजेडाचे आकडे स्वतः लावून, काढलेले असावेत, आणि प्रत्येकाखाली आकडे लिहावेत, असं तिथे छापलं होतं.

डॉक्टरांनी कॅमेरा उलटसुलट केला, चकती फिरवली, परत फिरवली आणि बाहेर येऊन बाईंच्या टेबलावर ठेवला.

“बाई, हे तुम्ही शिकून घ्या.”

“मी? अहो, मला फोनवरचा फोटोसुद्धा अंगठ्यासकट येतो.”

“तुम्ही शिवणकाम करता ना? हात स्थिर असतो तुमचा.”

बाईंनी आयुष्यात दोन उशांचे अभ्रे शिवले होते. पण नाही म्हणायच्या आत डॉक्टर आत जाऊन कोणाची तरी दाढ टोकरायला लागले होते.

कॅमेरा घरी आला. घरी दोघं होती. नवरा विजेचे मीटर तपासायच्या खात्यातून निवृत्त झालेला. त्यांना छापील सूचनांचं भारी प्रेम. आणि सासूबाई, वय शहात्तर, पूर्ण कवळी, जीभ मात्र अस्सल.

नवऱ्याने माहितीपुस्तिका ताब्यात घेतली. दोनशे चौदा पानं. “पहिल्या पानापासून जायचं,” ते म्हणाले आणि पेन्सिल घेऊन बसले. “हे बघ. बॅटरी तोंडात घालू नये.”

“मी दातांच्या दवाखान्यात आहे हो. तोंडात काय घालू नये ते मला ठाऊक आहे.”

“सूचना सगळ्यांसाठी असते,” ते म्हणाले आणि खाली रेघ मारली. बुधवारी ते एकतिसाव्या पानावर पोचले होते. तिथे पट्टा कसा अडकवायचा ते दिलं होतं.

बाईंना तेवढा धीर नव्हता. त्यांनी चकती मॅन्युअलच्या ‘एम’वर नेली आणि नवऱ्यावर नेम धरला. फोटो काळा कुळकुळीत आला. काहीतरी फिरवून दुसरा काढला, तो पांढराफटक. नवरा नाहीच, नुसती चष्म्याची काडी. तिसऱ्या वेळेला नवरा दिसला, पण तोवर ते पट्ट्याबद्दल बोलायला लागले होते, त्यामुळे तोंडाच्या जागी नुसता धूर आला.

“तुम्ही गप्प बसा ना जरा!”

“मी वाचत होतो.”

सासूबाई कोपऱ्यातून हे बघत होत्या. “माणूस कशाला हवंय तुला?” त्या म्हणाल्या. “दात हवेत ना? मग ही घे.” आणि त्यांनी सरळ कवळी काढून वाटीत ठेवली. वाटी पुढे सरकवताना बोबड्या आवाजात बजावलंही, “चारच्या चहाला बिस्किट खायचं असतं मला. त्याआधी परत हवी.”

अशी बाईंची शाळा सुरू झाली. शनिवार-रविवार, जेवणानंतर ते चारपर्यंत. विद्यार्थिनी एक, मॉडेल एक, आणि मॉडेल एवढं गुणी की हलत नाही, बोलत नाही, फोटो बरा आला नाही म्हणून रुसत नाही.

हळूहळू गोष्टी उलगडायला लागल्या. अॅपर्चर म्हणजे काय ते त्यांना सासूबाईंकडे बघून कळलं. सासूबाई सुई ओवताना डोळे बारीक करत, तेव्हा त्यांना नेढं नीट दिसे. कॅमेऱ्याचंही तेच. भोक मोठं ठेवलं तर पुढचे दोन दात लख्ख आणि दाढा धुक्यात. भोक बारीक केलं की शेवटच्या दाढेपर्यंत सगळी बत्तिशी स्वच्छ. पण बारीक केलं की अंधारून येई. मग शटर जास्त वेळ उघडं ठेवावं लागे, आणि जास्त वेळ ठेवलं की हात हले, आणि कवळी थंडीने कुडकुडल्यासारखी दिसे. त्यावर उपाय आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपायची ताकद, वाढवायचा. तो नवऱ्याच्या जुन्या रेडिओसारखा होता. लांबचं स्टेशन लागत नाही म्हणून आवाज वाढवावा, तर खरखरही वाढते; तशी फोटोवर बारीक वाळू सांडल्यासारखी दिसे.

“एका स्वयंपाकघरातल्या तीन जावा आहेत या,” बाई म्हणाल्या. “एकीचं ऐकलं की दोघी फुगतात.”

“पुस्तिकेत असं कुठे लिहिलेलं नाही,” नवरा म्हणाला.

तिसऱ्या रविवारपर्यंत तिन्ही जावा बऱ्यापैकी नांदायला लागल्या. फोटो ना काळे येत होते, ना पांढरेफटक. बाईंनी कौतुकाने दोन फोटो छापून आणले आणि सासूबाईंपुढे ठेवले. एक स्वयंपाकघरातल्या दिव्याखाली काढलेला, दुसरा खिडकीच्या कट्ट्यावर.

सासूबाईंनी पहिला उचलला. “ही माझी नाही.”

“आई, तुमचीच आहे.”

“इतकी पिवळी? मी रोज घासते! शेजारणीची असेल.” मग दुसरा उचलला. “ही हवी तर माझी म्हण.”

“दोन्ही एकच आहेत, आई. पाच मिनिटांच्या अंतराने काढलेत. नुसती जागा बदलली.”

सासूबाईंनी वाटीतली कवळी उचलून दोन्ही फोटोंशी ताडून बघितली. ती कुठल्याच फोटोसारखी नव्हती. तिचा रंग मधलाच काहीतरी होता.

बाईंनी नवऱ्याच्या हातातून पुस्तिका घेतली आणि पानं पुढे उलटली.

“अगं, मधली पानं सोडून कशी जातेस?”

“मला रंगाचं हवंय.”

ते शहाण्णवाव्या पानावर होतं. प्रत्येक उजेडाला आपला रंग असतो. दिव्याचा पिवळसर, खिडकीतून येणाऱ्या दिवसाचा निळसर. रंगाची सोय ऑटोवर असली की, चकती एमवर असली तरी, कॅमेरा आपल्या अंदाजाने रंग लावतो, आणि अंदाज चुकतो. म्हणून त्याला त्याच उजेडात एक कोरा पांढरा कागद दाखवायचा, म्हणजे पांढरं कशाला म्हणतात ते त्याला कळतं. आणि दोन फोटोंची तुलना करायची तर उजेड एकच हवा.

बाईंनी पुस्तिका मिटली. त्यांच्या डोळ्यांपुढे भिंत उभी राहिली. चौदा चौकटी. डावीकडे खुर्ची आणि दिवा. उजवीकडे खिडकी.

“अहो,” त्या हळूच म्हणाल्या, “डॉक्टरांचे दात खोटे आहेत.”

“डॉक्टरांनी कवळी बसवली?”

“त्यांचे नव्हेत. भिंतीवरचे.” आणि त्यांनी सगळं सांगितलं. सांगतासांगता त्यांना घाम फुटला. एकोणीस वर्षांत डॉक्टरांनी कोणाची एक दाढ उगाच काढली नव्हती. आणि लोक ती भिंत बघून येत होते.

नवऱ्याने पेन्सिल कानावर ठेवली. चौतीस वर्षं मीटर तपासलेल्या माणसाचा चेहरा झाला त्यांचा. “चोरी वेगळी आणि चुकलेला मीटर वेगळा,” ते म्हणाले. “मीटर चुकला तर माणसावर ओरडायचं नसतं. मीटर बदलायचा.”

बाईंनी मीटर बदलला. सोमवारी जरा लवकर जाऊन खिडकीचा पडदा ओढून घेतला. खुर्चीपासून कुठे उभं राहायचं तिथे फरशीवर लाल चिकटपट्टी लावली. दिवा तोंडापासून किती अंतरावर हवा ते टेपने मोजलं. कोरा कागद ड्रॉवरमध्ये ठेवला, आणि कॅमेऱ्याच्या पाठीवर एक चिठ्ठी डकवली: अॅपर्चर ११, शटर १२५, आयएसओ २००. आता ‘आधी’ही इथेच आणि ‘नंतर’ही इथेच. डॉक्टर कौतुकाने म्हणाले, “वा बाई, एकदम शास्त्रशुद्ध!” बाईंनी नुसती मान हलवली. भिंतीबद्दल बोलायचं कसं, हे काही पुस्तिकेत नव्हतं.

पहिला घाव घातला तो एका मुख्याध्यापिकांनी. शिस्तीच्या बाई, दवाखान्यात शिरल्या की बाकावरचे पेशंट सरळ बसत. त्यांनी दात पांढरे करून घेतले, आठवड्याने पुन्हा आल्या, फोटो निघाला, आणि त्यांनी दोन्ही फोटो मागितले. बाईंनी छापून दिले. मुख्याध्यापिकांनी चष्मा लावला. एक फोटो बघितला. दुसरा बघितला. परत पहिला.

“हे एकमेकांचं बघून काढलेत का?”

डॉक्टर हसले. “काहीतरीच काय! फरक बघा ना.”

“मी तेच बघतेय. यातला आधीचा कुठला?”

डॉक्टरांनी फोटो हातात घेतले आणि क्षणभरही न घुटमळता उजवा उंचावला. “हा बघा नंतरचा! केवढा उजळलाय.”

बाईंना खोकला आला. मुख्याध्यापिकांनी फोटो उलटा केला. पाठीवर बाईंच्या ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं, ‘आधी’.

मुख्याध्यापिकांनी दोन्ही फोटो पर्समध्ये घातले आणि “मी वाट बघते, डॉक्टर, तुमच्या उत्तराची,” एवढं म्हणून गेल्या.

दार बंद झाल्यावर डॉक्टर बाईंकडे वळले. “बाई, तुम्ही कॅमेरा बिघडवलात.”

“नाही, डॉक्टर.”

“मग माझे सगळे रिझल्ट एकाएकी कुठे गेले? इतकी वर्षं येत होते ना? चकतीला हात लावला आणि गेले!”

ते रागाने आत गेले. बाईंनी त्या दिवशी काही समजवायचा प्रयत्न केला नाही. घरी जाऊन त्यांनी सासूबाईंपुढे हात पसरला. “आई, उद्याचा दिवस कवळी द्याल का? दवाखान्यात न्यायची आहे.”

“आणि मी?”

“दुपारी मऊ भात करून ठेवते.”

“काम महत्त्वाचं असेल तर ने,” सासूबाई म्हणाल्या. “पण डब्यातून ने. पिशवीत किल्ल्यांबरोबर टाकू नकोस.”

सकाळी डॉक्टर यायच्या आत बाईंनी कवळी खुर्चीच्या उशीवर ठेवून दिव्याखाली ऑटोवर फोटो काढला. मग खिडकीचा पडदा सारला, कवळी कट्ट्यावर ठेवली आणि ऑटोवर दुसरा. दोन्हींमधले पुढचे सहा दात तेवढे कापून छापले आणि डॉक्टरांच्या टेबलावर ठेवून दिले. डॉक्टर आले. फोटो दिसले. चेहरा उजळला.

“वा! वा! बघा, याला म्हणतात रिझल्ट! केस कोणाची?”

“शहात्तर वर्षांच्या बाई आहेत.”

“या वयात? हे सभेत दाखवायलाच हवं. किती सिटिंग झाली?”

“एकही नाही.”

“म्हणजे?”

बाईंनी स्टीलचा डबा टेबलावर ठेवला आणि झाकण काढलं. “माझ्या सासूबाईंची कवळी आहे, डॉक्टर. एक फोटो खुर्चीत, एक खिडकीत. तुम्ही काढता तसाच.”

डॉक्टरांनी डब्यात बघितलं. बराच वेळ बघितलं. मग अगदी बारीक आवाजात विचारलं, “मीच बनवलेली ना ही?”

“तुम्हीच. सहा वर्षं झाली.”

त्या दिवशी डॉक्टर दुपारचा डबा न खाता नुसते खुर्चीत बसून राहिले. स्वतःच्या नव्हे, पेशंटच्या. बाईंनी दोनदा डोकावून बघितलं. वरचा दिवा लागलेला होता आणि डॉक्टर तोंडाशी हातआरसा धरून बसले होते. शेवटी बाई आत गेल्या आणि म्हणाल्या, “माझे मिस्टर म्हणतात, चोरी वेगळी आणि चुकलेला मीटर वेगळा.”

डॉक्टर उठले, बाहेर आले आणि भिंतीवरच्या चौकटी एकेक करून स्वतः उतरवल्या. मागे चौदा फिकट चौकोन राहिले.

मग त्यांनी मुख्याध्यापिकांना फोन लावला. बाई टेबलापाशी बसून ऐकत होत्या. डॉक्टर उभं राहून बोलत होते. का ते त्यांनाही सांगता आलं नसतं. “हो मॅडम... चूक माझीच... नाही मॅडम, यापुढे...” पलीकडून बहुधा बरंच बोललं गेलं. फोन ठेवल्यावर डॉक्टरांनी कपाळ पुसलं. “म्हणाल्या, प्रामाणिकपणाचे पाच गुण दिलेत.”

“कितीपैकी?”

“ते विचारायची हिंमत झाली नाही.”

पुढचे दोन महिने प्रत्येक पेशंटचे फोटो लाल पट्टीवर उभं राहून निघाले. अकरा जणांपैकी चौघांचे दात खरोखरच उजळले. चौघंही दिवसाला सहा-सात कप चहा ढोसणारे होते. बाकी सातजणांना फरक दिसलाच नाही, म्हणून तसले नवे पेशंट आले की डॉक्टर आता आधीच सांगू लागले की तुमचे दात आहेत तेच छान आहेत, नुसते साफ करून देतो. काही नाराज झाले. बरेचसे, का कोण जाणे, खूश होऊन गेले.

सभेत डॉक्टरांनी पहिल्याच मिनिटाला ते सहा दात पडद्यावर लावले आणि विचारलं, “उपचार यशस्वी वाटतो का?” दोनशे दंतवैद्यांनी हात वर केले. मग डॉक्टरांनी पूर्ण कवळीचा फोटो लावला, स्टीलच्या डब्यासकट. सभागृहात कोणीतरी खुदकन हसलं, आणि मग जो हशा उसळला तो थांबेना. शेवटच्या रांगेतून कोणीतरी ओरडलं, “आमच्याकडेही खिडकी आहे हो!”

डॉक्टरांकडून ऐकलेलं हे सगळं बाईंनी घरी येऊन सांगितलं तेव्हा सासूबाई फुरंगटल्या. “माझे दात सभेला गेले आणि मी घरी?”

“फोटोच गेले, आई.”

“माझं नाव सांगितलं का त्यांनी?”

“कवळीचं नाव विचारलं नाही कोणी.”

आता बाईंचा लौकिक वाढला. नणंदेच्या मुलीच्या लग्नाचा समारंभ होता, नणंदेने फोन करून सांगितलं, “वहिनी, मोठा कॅमेरा घेऊन ये हं. घरचे फोटो तू काढ.” बाईंनी डॉक्टरांकडून कॅमेरा मागून घेतला आणि छाती पुढे काढून मंगल कार्यालयात शिरल्या. चिठ्ठी पाठीवर होतीच. अकरा, एकशे पंचवीस, दोनशे. वीस फोटो काढले आणि मग कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर बघितले.

वीसच्या वीस काळे. कुठे एखादा दागिना चमकत होता, एवढंच.

नणंदेचे यजमान खांद्यावरून डोकावले. “वीज गेली होती का हो मध्ये?”

बाईंचे कान लाल झाले. त्या एका खांबाआड जाऊन उभ्या राहिल्या. ऑटोवर न्यावा का, असा विचार मनात आला; बोट चकतीवर गेलंही. मग त्यांनी वर बघितलं. उंच छत, लांबलांब लावलेले पिवळे दिवे. इथे दवाखान्याचा दिवा नव्हता. ते आकडे त्या दिव्याचे होते, कॅमेऱ्याचे नव्हेत, ही गोष्ट त्यांना त्या खांबाआड पहिल्यांदा उमगली. त्यांनी नखाने चिठ्ठी खरवडून काढली. भोक उघडून चारवर आणलं, शटर साठवर, आयएसओ सोळाशे. टेबलावरचं पांढरं कापड कॅमेऱ्याला दाखवलं आणि पलीकडच्या कोणाचा तरी फोटो काढून बघितला. चेहरा आला. रंगही माणसाचा आला. बाईंनी एवढा मोठा श्वास सोडला की शेजारचे गृहस्थ “पाणी देऊ का?” म्हणाले.

मग मात्र त्या सुटल्या. फक्त सवयीने प्रत्येकाच्या तोंडापासून दीड हातावर जात. काकांचे सोन्याचे दात, आत्यांची किडलेली दाढ, व्याह्यांच्या सुळ्यात अडकलेलं पालेभाजीचं पान, सगळं जिथल्या तिथे. नवरी हसतहसत म्हणाली, “मामी, जरा लांबून! आम्ही सगळे एकत्र यायला हवेत.”

“किती जण?”

“चाळीस तरी.”

चाळीस माणसं दोन रांगांत उभी राहिली. दोन रांगा म्हणजे मागचेही स्पष्ट यायला हवेत. बाईंनी भोक थोडं बारीक केलं आणि आयएसओ दुप्पट. मग मागे सरकायला लागल्या. कडेचे दोघं मावेनात. आणखी मागे. मुलाकडची मावशी मावेना. आणखी मागे. डोळा कॅमेऱ्याला लावून, पाऊल पाऊल टाकत त्या दारातून बाहेर पडल्या, व्हरांड्यात गेल्या, आणि तिथे पहिल्यांदा सगळे चाळीस चौकटीत आले. दाराची चौकट तेवढी दोन्ही बाजूंना दिसत होती, जणू मुद्दाम घेतल्यासारखी.

“हसा!” बाई व्हरांड्यातून ओरडल्या. आतल्यांना ऐकू गेलं नाही. पण आपली फोटोवाली चालत चालत समारंभाच्या बाहेर गेली हे बघून चाळीसच्या चाळीस जण मनापासून हसत होते. बाईंनी बटण दाबलं.

तोच फोटो नवरीने मोठा करून घरात लावला. उजव्या कडेला दारावरच्या रखवालदाराचं कोपर आलंय. बाईंना आत जायचं निमंत्रण आहे का, हे तो त्या वेळी विचारत होता.